लढाऊ जहाजावरील तेल आणि वीज



या वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून आजवर आपण विद्वानांची भाषणे ऐकत आलात. मी विद्वान नव्हे. दहावीनंतर शाळा सुटली आणि मुंबईत जहाजदुरुस्तीच्या एका कारखान्यात मी हेल्पर म्हणून लागलो. पुढे कामगार संघटनेचे काम अंगावर आले. व्यवस्थापनासमोर बसल्यावर ती मंडळी काय बोलतात हे आपल्याला कळत नाही याची लाज वाटू लागली, म्हणून वाचावयास लागलो. संघटनेच्या कचेरीत रात्री उशिरापर्यंत, शब्दकोश शेजारी ठेवून जे काही उमजले, तेवढीच माझी विद्या. कार्यकर्त्यांनी आमंत्रण दिले तेव्हा मी बोनसवर किंवा संपावर बोलेन अशी त्यांची समजूत असावी. लढाऊ जहाजांवरील तेल काढून तेथे वीज आणण्याविषयी बोलतो, असे मी कळविले. तेव्हा चिटणीसांनी पुन्हा फोन करून विषय आपण नीट ऐकला ना, याची खात्री करून घेतली.

या गावात समुद्र नाही आणि आरमारही नाही. परंतु यंत्र बदलले म्हणजे त्या यंत्राजवळ उभ्या असलेल्या माणसाचे काय होते, हा प्रश्न समुद्रावर जसा आहे तसाच तो आपल्या साखर कारखान्यात आणि सूतगिरणीतही आहे. जहाजावर तो अधिक स्पष्ट दिसतो, कारण तेथे चूक झाली तर पळून जावयास जागा नसते.

प्रथम यंत्राची ओळख करून घेऊ. जहाजावर हुकूम एके ठिकाणी सुटतो आणि काम दुसरीकडे होते. सुकाणूचे चक्र धरणारा खलाशी वर ब्रिजवर उभा असतो, आणि सुकाणूचे अवजड पाते मागे पाण्याखाली असते. पाण्याच्या लोटाविरुद्ध त्या पात्याला प्रत्यक्ष ढकलणारा जो भाग असतो, त्याला ॲक्चुएटर म्हणतात. मी त्याला यंत्राचा हात म्हणतो. तोफ फिरविणे, दारूगोळा वर चढविणे, मोठ्या झडपा उघडणे-मिटणे, विमानाचा पाळणा वर आणणे, या सर्व कामांना असे हात लागतात.

हा हात दोन जातींचा असतो, आणि दोन्ही जाती आपण पाहिलेल्या आहेत. ट्रकवाल्याजवळ बाटलीच्या आकाराचा जॅक असतो. त्याचा दांडा वरखाली केला की आतले तेल मोठ्या दट्ट्याखाली शिरते आणि भरलेला ट्रक उचलला जातो. मोटारीच्या डिकीत दुसरा जॅक असतो. त्यात तेल नसते, आट्यांचा लांब स्क्रू असतो. तो फिरविला की गाडी वर येते. पहिला जॅक हायड्रॉलिक. दुसऱ्याचा स्क्रू माणसाऐवजी मोटरने फिरविला की झाला विजेचा ॲक्चुएटर. आजच्या व्याख्यानातले बरेचसे यंत्रशास्त्र एवढ्यात आले.

कोंडलेल्या द्रवावर एके ठिकाणी दाब दिला की तो सर्वत्र सारखा पोहोचतो, हा नियम सतराव्या शतकात पास्कल या फ्रेंच पंडिताने सांगितला. त्यावरून इंग्लंडात ब्रामा याने १७९५ साली दाबयंत्राचे पेटंट घेतले. पुढे न्यूकॅसल येथे आर्मस्ट्राँग याने १८४६ साली शहराच्या नळाच्या पाण्यावर चालणारी क्रेन धक्क्यावर उभी केली. आर्मस्ट्राँग मूळचा वकील. तेव्हा वकिलांच्या हातूनही जगाचे कल्याण होऊ शकते, हे आम्हा कोर्टात खेटे घालणाऱ्यांनी विसरू नये. तोफा जसजशा अवजड झाल्या, तसतशी त्या हलविण्यास माणसांची ताकद अपुरी पडू लागली, आणि आरमाराने पाण्याचा दाब कामाला लावला. नंतर पाण्याच्या जागी तेल आले, कारण तेलाने गंज चढत नाही आणि यंत्राला वंगणही मिळते.

तेलाचे गुण खरे आहेत. लहानशा नळकांड्यातून प्रचंड जोर निघतो. बाहेरून धक्का बसला तर एक झडप उघडून तेल बाजूला जाते आणि यंत्र मोडत नाही. म्हणून दीडशे वर्षे हा हात जहाजावर टिकला.

आता त्याचे अवगुण. आजच्या लढाऊ जहाजांवर या तेलाचा दाब पुष्कळदा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २१० किलो असतो. म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर तीन माणसांचा भार. असे तेल लांबलांबच्या नळ्यांतून साऱ्या जहाजभर फिरत असते, आणि प्रत्येक सांधा ही गळतीची एक जागा असते. सुईच्या टोकाएवढे भोक पडले तर तेथून निघणारी चिळकांडी कित्येकदा डोळ्यांना दिसतही नाही. परंतु ती कातडीतून आरपार आत शिरते.

हे मी पुस्तकात नंतर वाचले, आधी डोळ्यांनी पाहिले. १९९६ सालची गोष्ट. आमचे मिस्त्री रात्रपाळीला एका नळीची गळती शोधत होते. सर्व जुने फिटर शोधीत तशीच शोधत होते, म्हणजे नळीवरून हात फिरवून. त्यांना मुंगी चावल्यासारखे झाले. पाहतात तो बोटावर एक पांढुरका ठिपका. रक्त नाही, जखम नाही. प्रथमोपचाराच्या खोलीत औषध लावून त्यांना पुन्हा कामावर पाठविण्यात आले. पहाटेपर्यंत हात कोपरापर्यंत सुजला होता. अशी इजा झाली की तासाभरातच शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरकडे जावे लागते, हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते, आणि ज्यांना ठाऊक असावयास हवे होते त्यांनी ते सांगितले नव्हते. उजव्या हाताची दोन बोटे काढावी लागली. भरपाई मागितली तेव्हा उत्तर आले की टाचणीएवढ्या जखमेने बोटे जात नसतात, कामगाराचीच हयगय असली पाहिजे. ते प्रकरण आम्ही दोन वर्षे लढविले आणि जिंकले. परंतु जिंकून बोटे परत येत नाहीत.

तेलाचा दुसरा अवगुण म्हणजे आग. दाबाखालचे तेल बाहेर पडले की त्याचे धुके होते, आणि ते धुके भडका घेते. विमानवाहू जहाजावर अपुऱ्या धावपट्टीवरून विमान फेकण्यासाठी एक यंत्र असते, त्याला कॅटापल्ट म्हणतात; आपण त्याला गोफण म्हणू. अमेरिकेच्या आरमारात ही गोफण पूर्वी तेलाच्या दाबावर चाले. १६ ऑक्टोबर १९५३ रोजी बोस्टनच्या गोदीत 'लेटी' या जहाजाचे काम चालू असताना गोफणीच्या यंत्रखोलीत स्फोट होऊन ३७ माणसे मेली. त्यानंतर वर्ष पुरे झाले नव्हते, तोच २६ मे १९५४ रोजी 'बेनिंग्टन' जहाजावर गोफणीचे तेल गळून पेटले आणि १०३ माणसे गेली. त्यानंतर अमेरिकेच्या आरमाराने तेलाची गोफण सोडून वाफेची घेतली. ती वाफेची गोफण ब्रिटिश आरमारात सिद्ध झाली होती. १९६१ साली आपल्या आरमारात दाखल झालेल्या 'विक्रांत'वरही वाफेचीच गोफण होती. निवृत्तीनंतर हे जहाज मुंबईत संग्रहालय म्हणून उभे होते. आपल्यापैकी कित्येकांनी ते मुलाबाळांसह पाहिले असेल. अमेरिकेने २०१७ साली सेवेत घेतलेल्या 'जेराल्ड फोर्ड'वर तर ही गोफणच विजेची आहे. तेल, वाफ, वीज असा हा प्रवास आहे, आणि त्याच्या पहिल्या टप्प्याची किंमत एकशेचाळीस माणसांनी मोजलेली आहे.

वीज आणली की काय मिळते? जहाजभर फिरणारे तेल जाते आणि त्या जागी तारा येतात. पंप अष्टौप्रहर चालू ठेवावे लागत नाहीत. हात हलवावयाचा तेवढ्यापुरतीच वीज लागते. तेलात कचऱ्याचा एक कण गेला तर झडप अडकते, म्हणून तेल गाळण्याचा जो जन्मभराचा व्याप असतो, तो संपतो. मोटर किती वीज खाते यावर लक्ष ठेवले की आत काय बिघडू लागले आहे, याचा सुगावा आधीच लागतो. यात एक मधला मार्गही आहे. मोटर, छोटा पंप आणि थोडेसे तेल एकाच बंद पेटीत ठेवावयाचे आणि त्या पेटीपर्यंत फक्त तार न्यावयाची. २००५ साली पहिले उड्डाण केलेल्या एअरबस ए-३८० या विमानात असे हात बसविलेले आहेत.

इतके फायदे असताना कोणी विरोध का करावा, असे आपण विचाराल. मी केला होता. २००९ साली आमच्या कारखान्यात सुक्या गोदीच्या पाण्याच्या झडपा तेलावरून विजेवर न्यावयाचे ठरले. काम लढाऊ जहाजाचे नव्हते, पण जात तीच. तेलाची देखभाल करणारे अकरा फिटर होते. वीज आली की त्यांचे काम संपणार, हे उघड होते. मी वाचनाला बसलो, आणि मला हवे होते तेच मी वाचले.

मला ब्रिटिश आरमाराचे 'इन्व्हिन्सिबल' सापडले. हे मोठे लढाऊ जहाज १९०७ साली पाण्यात उतरले. त्याच्या बारा इंची तोफांचे बुरूज, नेहमीचा पाण्याचा दाब सोडून, प्रयोग म्हणून विजेवर फिरविण्याचे ठरले होते. विकर्स आणि आर्मस्ट्राँग या दोन कंपन्यांनी निरनिराळ्या रचना करून दिल्या. १९०८ च्या चाचण्यांत प्रयोग फसला. तोफा सुरळीत वळेनात, नीट भरता येईनात. वर्षानुवर्षे दुरुस्त्या झाल्या, आणि अखेर १९१४ साली सुमारे दीड लाख पौंड खर्चून सारे पुन्हा पाण्याच्या दाबावर आणावे लागले.

मग सापडले 'प्रिन्स ऑफ वेल्स'. १० डिसेंबर १९४१ रोजी मलायाच्या किनाऱ्यापासून दूर जपानी विमानांनी या जहाजाला पाणतीर मारला. डाव्या बाजूच्या पंख्याच्या दांड्याजवळ तो लागला, पाणी आत घुसले आणि मागच्या अर्ध्या जहाजाची वीज गेली. वीज गेली तसे पंप, सुकाणू, मागच्या बाजूच्या विमानविरोधी तोफा, दिवे, एकामागून एक बंद पडले. एका शिरेवर सारे शरीर टांगले की काय होते, याचा हा धडा.

ही दोन्ही उदाहरणे मी गेटसभेत रंगवून सांगितली. मोटरचा स्क्रू एकदा अडकला की तेलासारखा मोकळा होत नाही, हेही सांगितले. टाळ्या पडल्या. यातले एकही वाक्य खोटे नव्हते, हे मी आजही सांगेन.

सभा संपल्यावर मिस्त्री माझ्याकडे आले. त्यांना निवृत्त होऊन वर्ष झाले होते. सहज सभा ऐकावयास आले होते. त्यांनी उजवा हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि म्हणाले, "कोणाचे तेल वाचवायला निघालास रे?" त्यांच्या तीन बोटांचा भार माझ्या खांद्यावर होता. मला उत्तर सुचले नाही. ते पुढे म्हणाले, "माणसे वाचव. तेल जाऊ दे."

त्या रात्री मी तीच पुस्तके पुन्हा काढली. 'इन्व्हिन्सिबल'चा प्रयोग फसला, तो वीज वाईट म्हणून नव्हे. अवजड भार हळुवारपणे उचलून अचूक थांबविण्याची विद्या त्या मोटरांना तेव्हा आली नव्हती. आज ती आली आहे. 'प्रिन्स ऑफ वेल्स'चा धडा वीज नको असा नसून, वीज पोहोचविण्याचे मार्ग एकाहून अधिक आणि एकमेकांपासून दूर असावेत, आणि शेवटी हाताने फिरविण्याची सोय शिल्लक असावी, असा आहे. माझी मागणी चुकली होती. ज्या तेलाने माझ्या गुरूची बोटे खाल्ली, ते तेल राखा म्हणून मी घोषणा देत होतो.

पण मग व्यवस्थापनाचे सर्वच बरोबर होते काय? तसेही नव्हे. या संबंधात दोन प्रसंग सांगतो. त्यांच्यामध्ये एकशेअडतीस वर्षांचे अंतर आहे.

पहिला २ जानेवारी १८७९ चा. ब्रिटिश आरमाराचे 'थंडरर' हे जहाज मार्माराच्या समुद्रात तोफांचा सराव करीत होते. त्याच्या पुढच्या बुरुजातील ३८ टनी तोफा तोंडातून भरावयाच्या असत, आणि दारूगोळा आत दाबण्याचे काम पाण्याच्या दाबाचे यंत्र करी. दोन तोफा एकदम डागल्या गेल्या. त्यांतली एक उडालीच नाही, आणि आवाजात हे कोणाच्या ध्यानी आले नाही. तिच्यात पहिल्या दारूगोळ्यावर दुसरा भरला गेला. तोफ फुटली आणि अकरा माणसे ठार झाली. हाताने गज घालून भरणाऱ्या माणसाला गज मध्येच थांबलेला कळला असता. यंत्राला ते कळले नाही, आणि यंत्रासाठी ते पाहण्याचे काम कोणाला नेमून दिलेले नव्हते.

दुसरा प्रसंग २१ ऑगस्ट २०१७ चा, सिंगापूरजवळचा. अमेरिकेच्या 'जॉन मकेन' या विनाशिकेवर सुकाणू आणि वेग यांचे नियंत्रण काचेवर बोट ठेवून करण्याची नवी रचना होती. ते काम दोन खलाशांत वाटून देताना सुकाणूचा ताबा न कळत शेजारच्या फळीवर गेला. चक्राशी असलेल्या खलाशाला वाटले की सुकाणूच निकामी झाले. ते निकामी झालेच नव्हते. जहाज भरकटून एका तेलवाहू जहाजावर आदळले आणि दहा खलाशी प्राणास मुकले. अमेरिकेच्या वाहतूक-सुरक्षा मंडळाने २०१९ च्या अहवालात खलाशांना पुरेसे शिक्षण दिलेले नव्हते, असा ठपका ठेवला. त्यानंतर आरमाराने खलाशांचे मत घेतले. त्यांना हाताने सरकविण्याच्या जुन्या दांड्याच पसंत होत्या, आणि तसल्या दांड्या पुन्हा बसविण्याचा निर्णय झाला. विचारले, पण दहा माणसे गेल्यावर.

मला आज जे म्हणावयाचे आहे, ते एवढेच आहे. यंत्र बदलले म्हणजे जुना धोका जातो, ही गोष्ट खरी. परंतु धोका नाहीसा होत नाही, तो जागा बदलतो. तेलाचा धोका कातडीला आणि श्वासाला कळे; गळते कोठे ते वासाने समजे, पंपाचा सूर बदलला की जुना फिटर झोपेतून उठे. विजेचा धोका मुका असतो. तो कोठे दबा धरून बसला आहे हे ज्याला ओळखता येईल, असा माणूस नव्या यंत्राबरोबर तयार करावा लागतो. आणि असा माणूस तयार करावयास सर्वांत जवळचा कोण? ज्याने जुन्या यंत्राचा स्वभाव वीस वर्षे सांभाळला, तो. झडप किती ताकद मागते, कोणत्या भरतीला अडते, हे त्याला ठाऊक असते. ते ज्ञान तेलाचे नसते, झडपेचे असते. तेलाबरोबर ते फेकून देणे हा धडधडीत तोटा आहे.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही मागणी बदलली. तेल जाऊ द्या, पण तीन गोष्टी करा. अकराही फिटरांना पगारी शिक्षण द्या. नवे यंत्र बसविण्यापूर्वी त्यांना आराखडा दाखवून त्यांचे म्हणणे लिहून घ्या. आणि वीज गेल्यावर झडप हाताने फिरविण्याचे चाक प्रत्येक ठिकाणी ठेवा व महिन्यातून एकदा ते फिरवून पाहा. फिटरांना विजेचे काम द्यावयाचे तर आयटीआयचा दाखला हवा, असे उत्तर आले. पुष्कळ घासाघीस झाली. चाक मिळाले. आराखडा दाखविला गेला, आणि आमच्या एका फिटरने त्यात दोन मोटरा भरतीच्या पाण्यात बुडतील अशा खाली दाखविल्या आहेत हे दाखवून दिले; त्या वर घेण्यात आल्या. शिक्षण मात्र सातांनाच मिळाले. चार जण थोडीफार रक्कम घेऊन घरी गेले. त्यांतले एक अजूनही भेटले की माझ्याकडे पाहत नाहीत. त्यांचा राग मला मान्य आहे. पहिले सहा आठवडे मी तेल वाचविण्यात घालविले नसते, तर कदाचित अकरा जणांची जागा झाली असती.

म्हणून या गावातल्या माझ्या कामगार बंधूंना माझे सांगणे आहे की, नवे यंत्र येत असेल तर गेट अडविण्यापूर्वी आधी जुन्या यंत्राने कोणाकोणाची बोटे घेतली, याचा हिशेब करा. आणि कारखाने चालविणाऱ्यांना विनंती आहे की, यंत्राची किंमत लिहिताना त्याच कागदावर माणसाच्या शिक्षणाची किंमतही लिहा. एकशेअडतीस वर्षांच्या अंतराने दोन आरमारांनी तोच रकाना कोरा ठेवला, आणि तो दोन्ही वेळा माणसांनी भरून दिला.

मिस्त्री आता नाहीत. त्यांच्या मुलाने विजेचे काम शिकून घेतले आहे, आणि त्याची दहाही बोटे शाबूत आहेत.